सातव्या घराची मागची बाजू

४ जानेवारी

भावजी,

आशीर्वादाने सुरुवात करावी की नमस्काराने, हे ठरवण्यात दोन कागद फुकट गेले. पाच वर्षांनी लिहितेय. तेव्हा कशानेच सुरुवात करत नाही, थेट कामाचं लिहिते.

आम्हाला घरांच्या मागच्या बाजू हव्या आहेत.

हसू नका. तुम्ही जन्मभर बिल्डरांच्या ऑफिसांसाठी इमारतींची मॉडेलं केलीत, तुम्हाला तरी कळायला हवं. तुमच्या दादांची छोटी रेल्वे अजून आहे. मधल्या खोलीत, भिंतीला लागून, बारा फुटी फळीवर. स्टेशन झालं, फाटक झालं, ह्यांनी नोकरीची तीस वर्षं काढली ती सिग्नल केबिनही झाली, तिच्या खिडकीला खरी काच आहे. रुळांच्या मागे भिंतीपर्यंत जेमतेम अर्धी वीत जागा उरते, आणि तिथं घरांची रांग यायला हवी. अख्खी घरं मावणार नाहीत. म्हणून चपटी, बोटभर जाडीची, भिंतीला चिकटवायची. त्याला लो रिलीफ म्हणतात हे मी आता शिकले. ह्या वयात काय काय शिकावं लागतंय!

तर अशी चपटी घरं मिळतात, पण सगळी पुढून. मी तीन दुकानं पालथी घातली. पहिल्याने बेकरी दाखवली, पोस्ट ऑफिस दाखवलं, दाराशी कुंड्या मांडलेलं दुमजली घर दाखवलं. मी म्हटलं, मागची बाजू दाखवा. तो म्हणाला, 'काकू, मागची बाजू भिंतीला लागते. ती कोण बघतं?' मी म्हटलं, 'आगगाडीतला माणूस बघतो. त्याला दुसरं काही दिसतच नाही.' दुसरा दुकानदार हुशार निघाला. म्हणाला, उलटं करून लावा. उलटं केलं तर कोरा पुठ्ठा आणि त्यावर कारखान्याचं लेबल. तिसऱ्याने ऐकूनच घेतलं नाही.

ह्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलंय. सांडपाण्याचे पाइप, न्हाणीघरांच्या बारक्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, ओल येऊन फुगलेला गिलावा. केबिनच्या खिडकीतून दिसायची ती दहा घरं, जशीच्या तशी. ती रांग पाडून तिथं टॉवर उभा राहिला आणि त्या टॉवरचं मॉडेल तुम्हीच केलंत हे मला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे पाडण्याआधीची मापं, फोटो, सगळं तुमच्याकडे असणार.

घाई एवढ्यासाठी, की ह्यांचा उजवा डोळा गेला. काचबिंदू. डाव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणतात. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, पण पूर्वी दर महिन्याला बोलवायचे, आता तीन महिन्यांनी या म्हणाले. त्यातून काय ते कळलं.

ह्यांना न सांगता लिहितेय. उत्तर माझ्या नावाने पाठवा.

वहिनी

१९ जानेवारी

भावजी,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, दोन ओळी. 'चार वर्षांपूर्वी अख्खी रांग करून पाठवली होती. पोच आली नाही. आता पुन्हा कशाला?'

आम्हाला काहीही मिळालेलं नाही. आमच्या पोस्टाची तऱ्हा तुम्हाला माहीत नाही. तिथं पार्सलच काय, आत गेलेलं माणूससुद्धा चार दिवस सापडत नाही. तुम्ही पाठवलंत आणि आम्ही साधी पोचही दिली नाही असं इतकी वर्षं वाटत असेल, तर तुमचा राग रास्त आहे. पण चूक आमची नाही.

आणि रागाचंच बोलायचं तर त्या दिवशीचंही बोलू. तुम्ही आलात, चहा घेतलात, फळीपुढे उभे राहिलात आणि खो खो हसलात. ह्यांनी बाजारातली घरं लावली होती, सगळी दारं रुळांकडे करून. तुम्ही म्हणालात, 'दादा, घर कधी रुळांकडे तोंड करून असतं का? तीस वर्षं त्या खिडकीत बसलास आणि तुला दिसलंच नाही?'

तुमच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण 'तुला दिसलं नाही का' हा प्रश्न ह्यांना त्याआधी एकदा कागदावर विचारून झाला होता. सातव्या घरातल्या म्हातारबाई गाडीखाली गेल्या तेव्हा. सातव्या आणि आठव्या घराच्या मधे बोळ होता, त्यातून लोक रूळ ओलांडायचे. बाई तिथूनच निघाल्या. चौकशी बसली. ह्यांनी लिहून दिलं की केबिनच्या खिडकीतून त्या बोळाचं तोंड दिसत नाही. कुणी वर चढून खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. कागदावर भागलं आणि हे सुटले. पण त्यानंतर ह्यांना 'दिसलं' हा शब्द सोसत नाही. एखादी वस्तू हरवली तर मीसुद्धा 'कुठं दिसली का' असं विचारत नाही, स्वतः शोधते.

तुम्ही निघून गेल्यावर ह्यांनी ती सगळी घरं एकेक करून काढली आणि खोक्यात भरली. रागाने नाही. शांतपणे, गोंद खरवडून. मग म्हणाले, 'त्याला म्हणावं, येऊ नकोस.' मी तसं तुम्हाला कळवलं. जरा सौम्य करून कळवायला हवं होतं, हे मान्य.

तर आता पुन्हा करून द्या. तुमचं मन मोठं आहे. (नसलं तरी निदान कात्री चांगली आहे.)

वहिनी

२ फेब्रुवारी

भावजी,

रजिस्टरच्या पावतीची झेरॉक्स मिळाली. हो, सही माझीच आहे. एवढी वर्षं कागद जपून ठेवायची सवय तुम्हाला कुणाची लागली कोण जाणे. तुमच्या दादांना तर चष्मा जपून ठेवता येत नाही.

आता खरं सांगते. पार्सल आलं होतं. उघडलं तर आत अर्धवट घरं. पुढची बाजूच नाही, दार नाही, पायरी नाही, नुसत्या पाइप लावलेल्या भिंती. जाडी बोटभर. मला वाटलं, पोस्टात आपटून मोडलं आणि पुढचे तुकडे वाटेत गळून पडले. किंवा तुमच्या कारखान्यातली उरलीसुरली रद्दी चुकून आमच्या पत्त्यावर आली. तेव्हा मला लो रिलीफ वगैरे काही माहीत नव्हतं. टाकून दिलं. झालं. बाई माणसाचं अज्ञान, दुसरं काय! माफ करा.

ह्यांना आता वर्तमानपत्राचे मथळेही दिसत नाहीत. गाडी चालू करतात आणि आवाजावरून ती कुठं पोचली ते सांगतात. रोज विचारतात, 'मिळाली का गं घरं?' मी म्हणते, चौथ्या दुकानात सांगून ठेवलंय. चौथं दुकान नाही, भावजी. असलं तरी तिथंही बेकरीच मिळेल.

वहिनी

५ फेब्रुवारी

भावजी,

मागचं पत्र पोचायच्या आत हे लिहितेय. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून हसाल आणि घरं करायला घ्याल, ह्याची मला लाज वाटली.

मी रद्दी म्हणून टाकली नाहीत. तुम्ही सोबत चिठ्ठी ठेवली होती. 'दादा, ह्या घे तुझ्या मागच्या बाजू. माझं चुकलं.' प्रत्येक घराच्या पाठीला पेन्सिलने नंबर होते. माणूस कितीही अडाणी असला तरी नंबर घातलेली रद्दी ओळखू येते.

पार्सल आलं तेव्हा हे डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. मी ठरवलं, येण्याच्या आत लावून ठेवू, चकित करू. दहाच्या दहा घरं क्रमाने भिंतीशी उभी केली. इतकी सुंदर दिसत होती! तिसऱ्या घराच्या दोरीवर तुम्ही टॉवेलसुद्धा वाळत घातला होता. मग मला वाटलं, ह्यांना जसं दिसायचं तसं एकदा आपण बघावं. केबिनचं छप्पर उचललं, आत माझा पावडरीच्या डबीतला छोटा आरसा ठेवला, आणि खिडकीतून काय दिसतं ते बघितलं.

बोळ दिसत होता. सातव्या आणि आठव्या घराच्या मधला. काळा, स्पष्ट, तोंडापासून आतपर्यंत. न दिसायला आंधळंच असावं लागेल इतका.

मी तीन वेळा आरसा पुसला.

मग अंगणात जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळी जाळली. चिठ्ठीही. हे आले तेव्हा म्हणाले, 'कसला वास येतोय?' मी म्हटलं, 'कचरा जाळला.' मला वाटलं, ह्यांनी हे बघितलं तर आपण खोटं लिहून दिलंय हे रोज उठून डोळ्यांपुढे येईल. ह्यांना वाचवलं असं मी स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट अशी, की मला बघवलं नाही. चार वर्षं मी ह्या माणसाला जेवायला वाढलं, डोळ्यांत औषध घातलं, डॉक्टरांपुढे ह्यांच्या बाजूने भांडले, आणि मनातल्या मनात खोटारडा म्हणत राहिले. हे काही विचारायला आले की मी दुसऱ्या खोलीत काम काढायची. ह्यांच्या लक्षात आलं असणार. कधी बोलले नाहीत.

तुमचीही चार वर्षं त्यात गेली. ह्यांना वाटतं, धाकट्याने नंतर साधी चौकशीसुद्धा केली नाही.

आता माझी मागणी ऐका आणि मग हवं तर हे पत्र फाडून टाका. सातव्या घराचं न्हाणीघर मागच्या बाजूला, रुळांकडे बाहेर आलेलं होतं. ते जरा जास्त पुढे काढा. बोळ झाकेल इतकं. ह्यांना एकदा बघू दे की दिसत नाही, मग डोळे गेले तरी चालतील. मॉडेल करणाऱ्या माणसाला मी खोटं माप मागतेय, हे मला कळतं.

वहिनी

२७ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र सहा वेळा वाचलं. तुम्ही इतकं लांबलचक लिहू शकता हे माहीत असतं तर आधीच काहीतरी जाळलं असतं.

म्हणजे मी चार वर्षं एका चपट्या घरावरून ह्यांचा न्याय केला. तुम्ही लिहिलंय ते इतकं सोपं आहे की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. घर चपटं करायचं म्हणजे त्याचं सगळंच चपटं होतं. खरं न्हाणीघर आठ फूट बाहेर आलेलं होतं. तुम्ही भिंतीबरोबर तेही नखभर केलंत, कारण जागा नव्हती आणि मॉडेलात सगळे तसंच करतात. मग त्याच्या आडचा बोळ उघडा पडणारच. 'वहिनी, लो रिलीफ नजरेसाठी असतं, साक्षीसाठी नसतं.' हे वाक्य तुम्ही रागाने लिहिलंय, पण बरोबर आहे. तुम्ही विचारलंय, 'मला तेव्हा एक फोन का केला नाहीत?' का केला नाही, भावजी? आपल्या माणसाचं खोटं पकडलं असं वाटलं की विचारायचं धैर्यच होत नाही. आणि मला तर आधीपासून वाटतच होतं की काय, हेही आता तपासायला हवं.

खोटं माप लागणारच नाही, खऱ्या मापानेच बोळ झाकतो, असं तुम्ही नकाशा काढून दाखवलंय. नऊ घरं चपटी आणि सातव्याचं न्हाणीघर तेवढं पुरतं, आठच्या आठ फूट. मी तो नकाशा उशीखाली ठेवलाय. हसा.

वाईट बातमी एवढीच, की मागच्या मंगळवारी डावाही गेला. उजेड आणि अंधार कळतो. खिडकी कुठल्या भिंतीला आहे हे कळतं. सकाळी उठून म्हणाले, 'दिवा लाव ना.' दिवा लागलेलाच होता.

तरी पाठवा. मी बघेन आणि सांगेन. आता मी खरं सांगितलं तरी ते ह्यांना सुखाचंच असणार आहे.

पत्रं तुम्हाला मी लिहिली हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी एवढंच विचारलं, 'त्याचे केस गेले का?' आम्हाला माहीत नाही. कळवा.

वहिनी

१६ मार्च

भावजी,

पार्सल परवा पोचलं. सहीची पावती तुमच्याकडे येईलच, पण ह्या वेळी मीही कळवतेय.

तुमचे दादा फळीपुढे खुर्ची ओढून बसले. मी एकेक घर हातात दिलं. बोटांनी ओळखत होते. 'ही तिसऱ्याची गॅलरी. हा पाचव्याचा फुटका पाइप, ह्यातून बारमाही पाणी गळायचं.' तुमची कमाल आहे. रांग उभी असताना तिथल्या माणसांनीसुद्धा धरली नसतील एवढ्या प्रेमाने ह्यांनी ती घरं धरली. मग मी ती भिंतीशी चिकटवली, केबिनमध्ये आरसा ठेवला आणि वाकून बघितलं.

बोळ दिसत नव्हता. सातव्याचं न्हाणीघर मधे आडवं आणि पलीकडे थेट आठव्या घराची खिडकी. मी मोठ्याने म्हटलं, 'अहो, दिसत नाही! बोळ दिसतच नाही!' रडलेसुद्धा. आणि मग जाळलेल्या घरांचं, आरशाचं, चार वर्षांचं, सगळं सांगून टाकलं. एका दमात. थांबले असते तर जमलं नसतं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'बोळ दिसत नाही हे मला माहीत आहे. इतकी वर्षं रोज बघितलंय. मी खोटं लिहिलं नव्हतं.'

मी म्हटलं, 'मग हा सगळा खटाटोप कशाला करायला लावलात?'

म्हणाले, 'न्हाणीघराचा कोपरा माझ्या बोटाला लागू दे.'

मी बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. तिथून त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं रुळापर्यंत एकाशेजारी एक मांडली. साडेतीन बोटं भरली. ह्या फळीवर एक बोट म्हणजे पाच फूट, हे हिशेब ह्यांना तोंडपाठ. 'साडेसतरा फूट,' म्हणाले. 'म्हातारं माणूस दीड फुटाचं पाऊल टाकतं. अकरा पावलं, थोडी जास्तच.'

आणि मग सांगितलं, भावजी. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बाई त्या कोपऱ्याआडून बाहेर आल्या तेव्हा ह्यांना दिसल्या. हातात बादली होती. चौकशीत बोळाचंच विचारलं, ह्यांनी बोळाचंच उत्तर दिलं. कोपऱ्याच्या अलीकडचं कुणी विचारलं नाही. केबिनमध्ये भोंग्याची मूठ होती, रुळांवर काम करणाऱ्या माणसांना सावध करायला. डोक्याच्या वर, हात उचलून खाली ओढायची. ह्यांनी ओढली नाही. 'ती रोज यायची,' म्हणाले. 'रुळाशी उभी राहायची, गाडी जाऊ द्यायची, मग ओलांडायची. मला वाटलं, थांबेल. ती रुळावर पोचली आणि गाडी पोचली.'

मी म्हटलं, 'वेळच कुठं होता तुम्हाला?'

'तेच तर मला मोजायचंय,' म्हणाले. 'रांग पाडली, मोजायला काही उरलं नव्हतं.'

मला वाटत होतं, दिसलं की नाही हे ह्यांना जाणून घ्यायचंय. दिसलेलं तर ह्यांना कायमचंच दिसत होतं.

मग मला कपाटापाशी उभं केलं. कपाट म्हणजे कोपरा, समोरची भिंत म्हणजे रूळ. तिथपर्यंत माझी अकरा पावलं होतात का ते मोजायला लावलं. बारा झाली, म्हणून एक पाऊल पुढे घेतलं. हे खुर्चीत केबिनमधल्यासारखे ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर. म्हणाले, 'चल. तिच्यासारखी. हातात बादली आहे असं समज.' मी निघाले. पाचवं पाऊल पडायच्या आत ह्यांचा हात वर गेला आणि मूठ वळून, भोंगा ओढल्यासारखा, खाली आला. मी मात्र अजून अर्ध्या वाटेवर होते. सहा पावलं उरलेली. ऐकून थांबायला, वळून बघायला, परत फिरायलासुद्धा पुरतील इतकी.

म्हणाले, 'पुन्हा.'

दुसऱ्यांदा मी जरा भरभर गेले. सातवं पाऊल. तिसऱ्यांदा ह्यांनी मुद्दाम हात उशिरा उचलला, मनात काहीतरी मोजून. तरी माझी तीन पावलं शिल्लक राहिली. ह्यांचं तोंड खिडकीकडे होतं, तिथं उजेड लागतो म्हणून असेल. दोन्ही डोळे कोरडे होते. त्यांना आता औषधाशिवाय पाणी येत नाही.

'पुन्हा,' म्हणाले.

चौथ्यांदा मी पळाले, भावजी. चपला काढून, पलंगाला मांडी आपटत, ह्या वयात, कपाटापासून भिंतीपर्यंत पळत सुटले. भिंतीला माझा हात लागला तेव्हा ह्यांचा हात नुसता मांडीवरून उचलला गेला होता. मी धापा टाकत तिथंच उभी राहिले, आता काहीतरी म्हणतील म्हणून.

'ती चालत होती,' ते म्हणाले. 'परत कपाटापाशी जा.'